सांगावा, वेदना आणि यंत्र : एक धम्मचिकित्सा

अलीकडच्या काही वर्षांत एक नवा दावा सातत्याने मांडला जात आहे. माणसे आता मोठ्या प्रमाणावर मोबाइलच्या पडद्यावर एकमेकांना भेटतात. ओळख, मैत्री, विवाहाची बोलणी, रुसवेफुगवे आणि सांत्वन हे सारे तेथेच घडते. पडद्यावरील अक्षरांना आवाजाचा चढउतार नसतो, डोळ्यांतले पाणी तेथे दिसत नाही, म्हणून गैरसमज वाढतात आणि नाती तुटतात. हा दोष कृत्रिम बुद्धिमत्ता दूर करील. समोरच्या व्यक्तीच्या शब्दांवरून तिचा राग, दुःख वा संकोच ती ओळखील. काय उत्तर द्यावे हेही सुचवील. आणि अशा रीतीने दूर राहणाऱ्या माणसांमधील भावनिक समज वाढवील, असा हा दावा आहे.

या दाव्याकडे तुच्छतेने पाहून चालणार नाही. नोकरी-शिक्षणासाठी पुणे, मुंबई, बंगळूर येथे व परदेशात गेलेली आपली मुले-मुली घराशी, मित्रांशी व भावी जोडीदाराशी याच मार्गाने बांधलेली आहेत. त्यांच्या हातातील साधन त्यांच्या मनाचे काय करीत आहे, हा प्रश्न विहारांच्या व अभ्यासमंडळांच्या कक्षेबाहेरचा नाही. म्हणून या दाव्याची चिकित्सा आम्ही येथे करीत आहोत. आरंभ मात्र संगणकापासून न करता सातारा-सांगलीच्या दुष्काळी मुलखातील एका जुन्या संस्थानापासून करावा, असे आम्हास वाटते. दूरवरच्या माणसांची सुखदुःखे एकमेकांपर्यंत पोहोचविण्याची एक संपूर्ण व्यवस्था तेथे शतकानुशतके चालू होती, आणि तिचा हिशेब आपल्याच एका लेखकाने लिहून ठेवला आहे.

१. औंध संस्थान आणि तराळाची वाट

औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे त्याचे तुकडे एकमेकांपासून दूर विखुरलेले होते. आज त्यांपैकी काही सातारा जिल्ह्यात, काही सांगलीत, तर गुणदाळचा भाग कर्नाटकात आहे. हे संस्थान इतिहासात दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. त्याच्या हद्दीत 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला व लोखंडी नांगर बनविले. आणि 1939 साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यघटना देऊन कारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपविला. यंत्र आणि स्वराज्य या दोन्ही गोष्टी या लहानशा संस्थानाने लवकर पाहिल्या.

याच संस्थानातील आटपाडी येथे 1921 साली शंकरराव खरात यांचा जन्म एका महार कुटुंबात झाला. पुढे ते बाबासाहेबांच्या चळवळीत आले, बौद्ध झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1984 साली जळगाव येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘तराळ-अंतराळ’. त्यांच्या एका कथासंग्रहाचे नाव ‘सांगावा’. ही दोन्ही नावे आमच्या विषयाच्या गाभ्याशी आहेत.

तराळ म्हणजे गावकीच्या पाळीवर असलेला महार. सरकारी कागद पोहोचविणे, अंमलदाराच्या पुढे धावणे, वेशीवर राखण करणे, दवंडी देणे आणि गावात कोणी मेले तर त्याचा सांगावा परगावच्या सोयऱ्यांना नेऊन देणे ही त्याची कामे. पाऊस असो वा ऊन, दिवस असो वा रात्र, हाक आली की निघावयाचे. मोबदला म्हणजे बलुते, शिळीपाकी भाकरी आणि वतनाचा जमिनीचा तुकडा. कामाला वेळ नाही, मर्यादा नाही, आणि नाही म्हणण्याची सोय नाही. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, ते याच कारणाने. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा होण्यास 1958 साल उजाडावे लागले.

आता या व्यवस्थेकडे केवळ संदेशवहनाच्या दृष्टीने पाहू. ती कार्यक्षम होती. मृत्यूची वार्ता दहा कोसांवरील लेकीच्या दारात वेळेवर पोहोचत असे. परंतु वार्ता घेऊन जाणारा माणूस दाराबाहेर अंतरावर उभा राही. घरातील बाईचा पहिला हंबरडा तोच ऐके. कोणत्या घरात कोणत्या मरणाचे दुःख किती खोल आहे, कोठे केवळ लोकलज्जेचे रडणे आहे, हे गावात त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आणि तरीही, त्याच्या घरी मूल गेले तर त्या दारांपैकी एकही दार त्याच्या दुःखासाठी उघडत नसे. त्याच्याकडून निरोप घेणाऱ्यांना त्याच्याविषयी काहीही जाणून घेण्याची गरज पडत नव्हती.

याचा अर्थ असा की, सांगावा पोहोचणे आणि समज होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जातिव्यवस्थेने पहिली गोष्ट उत्तम रीतीने साधली आणि तिच्याच आधारे दुसरी अशक्य करून ठेवली.

२. बाबासाहेबांची कसोटी

हाच विचार बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण न होऊ शकलेल्या भाषणात तात्त्विक पातळीवर मांडला आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा : माणसे जवळजवळ राहतात म्हणून त्यांचा समाज बनत नाही, आणि एखादा दूर राहतो म्हणून तो समाजातून वजा होत नाही. चालीरीती सारख्या असणेही पुरेसे नाही. अनुभव परस्परांत वाटला जाणे, दुसऱ्याच्या यशापयशाला आपले मानता येईल अशा रीतीने कार्यात सहभागी होणे, यातून समाज घडतो. लोकशाही ही त्यांच्या मते केवळ शासनपद्धती नसून सहजीवनाची आणि परस्परांना कळविलेल्या अनुभवाची रीत होती.

या कसोटीवर ऑनलाइन नात्यांचा प्रश्न घासला तर एक गोष्ट तात्काळ स्पष्ट होते. अंतर हा दोष नाही. पडद्यावरील नाते हे खोटे वा हलके नाते, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. वेशीच्या आत आणि बाहेर राहणारी माणसे शेकडो वर्षे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती, पण त्यांच्यात नाते नव्हते. उलट, 1948 च्या आरंभी बाबासाहेब दिल्लीत आणि डॉ. शारदा कबीर मुंबईत असताना त्यांच्यात झालेल्या पत्रव्यवहारातून विवाहापूर्वीची परस्परांची ओळख वाढली, हे माईसाहेबांच्या आत्मचरित्राच्या वाचकांना माहीत आहे. तेव्हा प्रश्न अंतराचा नाही. मध्ये जे उभे आहे ते अनुभव वाटून देते की त्याची गरजच संपविते, एवढाच प्रश्न आहे.

दुसरेही एक सांगितले पाहिजे. आम्ही यंत्राचे विरोधक नाही. 1945 साली काँग्रेस व गांधीजी यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राचा पक्ष घेतला आहे. माणसाला फुरसत मिळाल्याखेरीज संस्कृती नाही, आणि ही फुरसत यंत्रच देऊ शकते. यंत्राच्या नावावर खपविले जाणारे दोष वस्तुतः चुकीच्या समाजरचनेचे आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. टपाल, तार आणि दूरध्वनी यांनी सांगावा वाहण्याची सक्ती निरर्थक केली, हे यंत्राचे उपकारच होत. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेलाही आम्ही हाच प्रश्न विचारतो : हे यंत्र माणसाला समजून घेण्यासाठी फुरसत देते, की समजून घेण्याचेच काम त्याच्याकडून काढून घेते?

३. दाव्यामागील पुरावा

प्रथम प्रतिपक्षाचा पुरावा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. 1966 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलिझा’ नावाची संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. ती माणसाचेच वाक्य उलटवून त्याला प्रश्न म्हणून परत देत असे. अर्थ तिला काहीच कळत नव्हता. तरीही वायझेनबाउम यांच्या चिटणीस बाईंनी तिच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले, असे त्यांनीच नोंदविले आहे. या अनुभवाने अस्वस्थ होऊन पुढे 1976 साली त्यांनी संगणकाच्या मर्यादांवर ग्रंथ लिहिला. त्याच संस्थेतील रोझलिंड पिकार्ड यांनी 1997 साली संगणकाला भावना ओळखता याव्यात या विषयावर पुस्तक लिहिले आणि या संशोधनाला शाखेचे रूप आले.

2015 साली गूगल कंपनीने पत्रांना आपोआप छोटी उत्तरे सुचविणारी सोय आणली. तिच्या आरंभीच्या चाचण्यांत एक विलक्षण गोष्ट आढळली : कसल्याही पत्राला ते यंत्र ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे उत्तर सुचवू लागले. कारण साधे होते. हे वाक्य लोक वारंवार लिहितात, म्हणून खात्री नसली की यंत्राला ते सुरक्षित वाटे. यंत्रापाशी प्रेम नव्हते. होती ती केवळ शब्दांची वारंवारता. पुढे ही चूक दुरुस्त करण्यात आली. आजची यंत्रे त्या मानाने फारच प्रगत आहेत, परंतु प्रचंड लिखित मजकुरातून संभाव्य शब्द निवडणे हे तत्त्व अजून सुटलेले नाही.

2023 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष दुहेरी आहे. यंत्राने सुचविलेली उत्तरे वापरली असता संभाषण जलद झाले, त्यातील भाषा अधिक सकारात्मक झाली आणि समोरच्या व्यक्तीला आपला सोबती अधिक जवळचा व सहकार्यशील वाटला. मात्र तो यंत्राची उत्तरे वापरीत असावा अशी शंका येताच त्याच्याविषयीचे मत घसरले. 2024 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासातही असेच दिसले : यंत्राने लिहिलेल्या उत्तरांनी लोकांना आपले म्हणणे ऐकले गेले असे अधिक वाटले, पण ते उत्तर यंत्राचे आहे असे सांगताच ती भावना उणावली. 2023 च्या जानेवारीत ‘कोको’ या परस्परसाहाय्य संस्थेच्या संस्थापकांनी सुमारे 4000 लोकांना यंत्राच्या साहाय्याने लिहिलेली सांत्वनाची उत्तरे दिल्याचे जाहीर केले. ती उत्तरे लोकांना अधिक पसंत पडली होती. पण ती यंत्रातून आली हे कळल्यावर त्यांचा परिणाम ओसरला.

या पुराव्यावरून काय सिद्ध होते? यंत्राचे शब्द दुःखी माणसाला सुखावू शकतात, हे सिद्ध होते. ते नाकारणे अवैज्ञानिक ठरेल. परंतु त्याच पुराव्याने हेही सिद्ध होते की, माणसाला केवळ शब्द नको असतात. आपल्यासाठी कोणीतरी थांबले, कोणीतरी आपला थोडा वेळ व थोडे मन खर्च केले, हे त्याला हवे असते. शब्द तेच राहिले आणि खर्च करणारा नाहीसा झाला, तर समाधानही नाहीसे होते. मग जे समाधान न सांगितल्यामुळेच टिकते, त्याला समज म्हणावे काय?

४. वेदना : आतील आणि बाहेरील

येथे धम्माची भाषा उपयोगी पडते. मराठीत वेदना म्हणजे दुःख वा कळ. पाली भाषेत या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. इंद्रिय आणि विषय यांच्या स्पर्शातून उत्पन्न होणारा सुखद, दुःखद किंवा असुखद-अदुःखद अनुभव म्हणजे वेदना. पंचस्कंधांत तिचे स्थान स्वतंत्र आहे. वस्तू ओळखणारी ती संज्ञा, आणि अनुभवणारी ती वेदना. आजचे यंत्र जे करते त्याला फार तर संज्ञेचे अनुकरण म्हणता येईल. ‘हे वाक्य दुःखाचे आहे’ अशी चिठ्ठी ते लावू शकते. त्याच्यापाशी स्पर्श नाही, म्हणून वेदना नाही.

यावर कोणी म्हणेल की, वैद्याला स्वतः ताप नसला तरी तो तापाचे निदान करतो. तसे यंत्राने केले तर बिघडले कोठे? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. सतिपट्ठान सुत्तात तथागतांनी वेदनांचे अवलोकन अज्झत्त म्हणजे स्वतःच्या ठायी, बहिद्धा म्हणजे दुसऱ्याच्या ठायी आणि मग दोन्ही ठायी करावयास सांगितले आहे. या क्रमाचा आम्ही असा अर्थ घेतो की, दुसऱ्याची वेदना कळणे हा अभ्यास आहे आणि त्याची वाट स्वतःच्या वेदनेतून जाते. स्वतःच्या रागाचा उगम ज्याने कधी पाहिला नाही, त्याला दुसऱ्याच्या रागाचे नाव कळेल, पण राग कळणार नाही. वैद्य रोग्याशी नाते जोडावयास आलेला नसतो, निदानासाठी आलेला असतो. मित्राची, पतीची, मुलीची गोष्ट वेगळी आहे. तेथे निदान हे फळ नव्हेच. समजून घेताना समजून घेणाऱ्यात जो बदल होतो, ते फळ आहे. तो बदल दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही.

म्हणून आम्हास तराळाची आठवण झाली. त्या व्यवस्थेत सांगावा नेणाऱ्याला सारे कळत होते, पण त्याला साधन मानले जाई. आजच्या व्यवस्थेत साधनाला काहीच कळत नाही, पण त्याला जाणकार मानले जाते. दोन्हींत एक गोष्ट समान आहे : सांगावा पाठविणारा घरातच बसून राहतो. वाट दुसरा चालतो. पूर्वी हे सुख वतनदारांना होते. आता ते प्रत्येकाच्या खिशात आले आहे. यंत्रावर अन्याय होतो असे आम्हास म्हणावयाचे नाही, कारण त्याला वेदनाच नाही. आमची चिंता घरात बसून राहणाऱ्याविषयी आहे. ज्याच्या दिमतीला रात्रंदिवस हाकेसरशी धावणारे, कधीही न थकणारे आणि बदल्यात काहीही न मागणारे कोणी असते, त्याच्या मनाचे काय होते, हे भारतातील सवर्ण समाजाच्या इतिहासाने पुरेसे दाखविले आहे.

५. गोड शब्द आणि घशातील खडा

आता एक प्रसंग कल्पून पाहू. एक बौद्ध तरुणी आणि एक तरुण ऑनलाइन ओळखीतून जवळ आले आहेत. तरुणाच्या घरी तिचे आडनाव विचारले गेले, आणि त्यानंतर त्याचे बोलणे तुटक झाले. ती त्याला लिहिते, ‘तुझ्या घरच्यांना माझी जात कळली, म्हणून तू गप्प आहेस का?’ तरुणाला उत्तर सुचत नाही. तो यंत्राला विचारतो. यंत्र सौम्य व समतोल मजकूर लिहून देते : तुला वाईट वाटले हे मी समजू शकतो, घरच्यांना थोडा वेळ लागेल, दोन्ही बाजूंचा विचार करू. यातील एकही शब्द कठोर नाही. परंतु तरुणीने भावनेचा प्रश्न विचारलाच नव्हता. तिने न्यायाचा प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे होते, आणि ते देण्यासाठी तरुणाला स्वतःच्या भीतीसमोर उभे राहावे लागले असते. यंत्राने त्याला त्यातून सोडविले. जातीचा घाव ‘दुखावलेली भावना’ या नावाखाली झाकला गेला.

हा धोका काल्पनिक प्रसंगापुरता नाही. विवाह जुळविणाऱ्या ऑनलाइन सेवांच्या माहितीपत्रकांत जातीचा रकाना आजही असतो. ज्या समाजात हा रकाना निमूटपणे भरला जातो, तेथे केवळ सौम्य बोलायला शिकविणारे यंत्र रकाना पुसणार नाही; तो भरताना वाटणारा संकोच तेवढा पुसून टाकील.

अभयराजकुमार सुत्तात याच प्रश्नाची चर्चा आहे. तथागत कोणास अप्रिय वाटेल असे बोलतात काय, असे अभय विचारतो. त्याच्या मांडीवर त्या वेळी लहान मूल असते. या मुलाच्या घशात काडी किंवा खडा अडकला तर काय करशील, असे तथागत त्याला विचारतात. रक्त आले तरी तो काढीन, कारण मुलाविषयी करुणा आहे, असे अभय सांगतो. मग तथागत वाणीची कसोटी देतात. जे असत्य किंवा अहितकर आहे ते प्रिय असले तरी ते बोलत नाहीत. जे सत्य व हितकर आहे ते प्रिय असो वा अप्रिय, योग्य वेळ पाहून बोलतात. लोकांना आवडावे हे ज्या यंत्राच्या घडणीतच आहे, त्याला घशातील खडा काढता येत नाही. ते गोंजारू शकते. करुणा आणि गोंजारणे यांतील हे अंतर आपण विसरता कामा नये.

किसा गोतमीची कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे, आणि बाबासाहेबांनीही ती ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन आलेल्या त्या मातेला तथागतांनी सांत्वनाचे भाषण ऐकविले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरून मोहरी आणावयास सांगितले. ती दारोदार फिरली. प्रत्येक दारात तिने दुसऱ्याचे मरण ऐकले आणि तिचे दुःख सर्वांच्या दुःखाशी जोडले गेले. तिला समज आली ती चालण्यातून. ही दारे तिच्याऐवजी दुसरा कोणी फिरून आला असता आणि त्याने तिला नेमका अहवाल दिला असता, तर तिला माहिती मिळाली असती. शांती मिळाली नसती.

भाषेचाही मुद्दा येथे नोंदविला पाहिजे. ही यंत्रे लिखित मजकुरातून शिकतात, आणि त्यात इंग्रजीच्या मानाने मराठीचा वाटा अल्प आहे. त्यातही माणदेशाची बोली, वाड्यावस्त्यांवरील बायकांचे बोलणे, मर्तिकाच्या वेळचा आक्रोश यांपैकी कागदावर आलेले फार थोडे. रुसवा म्हणजे राग नव्हे, माया म्हणजे नुसते प्रेम नव्हे, आणि ‘बरं हाय’ एवढ्या दोन शब्दांत आई किती काय लपविते हे तिच्या लेकीलाच कळते. ज्यांचे बोलणे लिहिले गेले नाही, त्यांच्या भावना यंत्र दुसऱ्यांच्या भाषेवरून ताडणार. आपल्या सुखदुःखाचा अर्थ दुसऱ्यांनी ठरवावा, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

६. आरसा की मुखवटा

मग या साधनाचा त्याग करावा काय? आमचे तसे म्हणणे नाही. सम्राट अशोकाने बैराट येथील शिलालेखात भिक्षु-भिक्षुणी व उपासक-उपासिका यांनी वारंवार ऐकावेत असे जे धम्मग्रंथ नावाने सांगितले आहेत, त्यांत असत्य भाषणाविषयी राहुलाला केलेला उपदेश आहे. या उपदेशात तथागत राहुलाला आरसा कशासाठी असतो असे विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल सांगतो. त्याचप्रमाणे कायेचे, वाचेचे व मनाचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहून घ्यावे, त्याने स्वतःचे किंवा दुसऱ्याचे अहित तर होत नाही ना हे तपासावे, असा तो उपदेश आहे.

हीच कसोटी आम्ही यंत्राला लावतो. 2021 साली टिंडर या जोडीदार शोधण्याच्या सेवेने एक सोय सुरू केली. कोणी अपमानकारक मजकूर लिहिला तर तो जाण्यापूर्वी यंत्र त्याला ‘नक्की पाठवायचे आहे का?’ असे विचारते. येथे यंत्र उत्तर लिहून देत नाही. फरुसा वाचा म्हणजे कठोर वाणी बाहेर पडण्यापूर्वी क्षणभर थांबविते. निर्णय आणि जबाबदारी माणसाचीच राहते. हा आरशाचा उपयोग होय. ज्याला लिहिता-वाचता येण्यात अडचण आहे, ज्याला दुसऱ्याची भाषा येत नाही, ज्याला समोरच्याचे हावभाव ओळखणे जन्मतः कठीण जाते, त्याला यंत्राने अर्थाच्या दोन-तीन शक्यता दाखविल्या तर तोही आरसाच. पण माझ्या नावाने, मला न वाटलेली भावना, मी न शोधलेल्या शब्दांत यंत्र पाठवीत असेल आणि समोरच्याला ते ठाऊक नसेल, तर तो मुखवटा होय. पंचशीलातील चौथ्या शीलाशी त्याचा थेट विरोध आहे.

शब्दांसाठी दुसऱ्याचे साहाय्य घेण्यात काही गैर नाही, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या अनुभवावरूनही पटेल. सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या कित्येक कामगारांना लिहिता येत नव्हते. चाळीतील शिकलेला मुलगा किंवा टपालकचेरीबाहेर बसणारा पत्रलेखक त्यांची पत्रे लिहून देई. पण तेथे कामगार समोर बसून सांगत असे, लिहिणारा ‘आणखी काय लिहू?’ असे विचारी, आणि लिहिलेले वाचून दाखवी. अक्षर दुसऱ्याचे असे, माया त्याचीच असे. आणि गावाकडे पत्र वाचून घेणाऱ्या बायकोलाही ते अक्षर कोणाचे हे माहीत असे. त्या व्यवहारात साहाय्य होते, फसवणूक नव्हती.

कायद्यानेही या दिशेने काही पावले टाकली आहेत. युरोपीय संघाने 2024 साली केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्यात कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत माणसांच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रांवर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली आहे. परंतु दोन माणसांच्या खाजगी नात्यात कायदा किती शिरणार? तेथे शीलच हवे.

म्हणून विहारांतील अभ्यासवर्गांनी या विषयाला आपल्या कार्यक्रमात स्थान द्यावे, अशी आमची सूचना आहे. तरुणांना मोबाइल टाकून द्या असे सांगण्यात अर्थ नाही. त्यांना तीन प्रश्न स्वतःला विचारावयास शिकवावे. हे शब्द मी पाठवीत आहे ते मला खरोखर वाटते काय? हे मी कसे लिहिले, हे समोरच्याला कळले तर त्याला फसविले गेल्यासारखे वाटेल काय? आणि या साहाय्यानंतर पुढच्या वेळी मला त्याची गरज कमी भासेल, की अधिक? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘अधिक’ असे येत असेल, तर यंत्र आपल्याला शिकवीत नसून आपली सवय बिघडवीत आहे, असे समजावे.

औंध संस्थान 1948 साली विलीन झाले. तराळकी गेली, वतने गेली; सांगावा आता क्षणात पोहोचतो. त्या वाटेवर शेकडो वर्षे जे चालले त्यांच्या वंशजांवर एक विशेष जबाबदारी आहे, असे आम्हास वाटते. दुसऱ्याचे दुःख पायांनी चालत जाऊन पोहोचविणे म्हणजे काय, आणि आपल्या दुःखासाठी कोणीच चालत न येणे म्हणजे काय, हे दोन्ही आपल्या पूर्वजांनी जाणले होते. ती सक्तीची वाट संपली हे योग्यच झाले. आता स्वेच्छेने, मैत्रीच्या भावनेने, एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या दारापर्यंत जाण्याची वाट आपणास चालावयाची आहे. ती पडद्यावरून जात असली तरी हरकत नाही, पण चालावयाचे मात्र आपणच.